पाऊस माणसाला बसवतो

२५ जुलै २०२४ च्या सकाळी ताम्हिणीत नोंदवलेला चोवीस तासांचा पाऊस होता ५५६ मिलिमीटर. पुणे शहरात अख्ख्या वर्षात सरासरी सातशेच्या थोडा वर मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे जे पाणी मिळता मिळता पुण्याचे आषाढ, श्रावण, भाद्रपद सरतात, त्याच्या जवळजवळ पाऊणपट पाणी मुळशी तालुक्याच्या या पश्चिम टोकावर एका दिवसा-रात्रीत कोसळलं. आणि या दोन जागांमध्ये अंतर किती? गाडीने जेमतेम दोन तासांचं.

मिलिमीटर हे माप कागदावर फार किरकोळ दिसतं. ते लिटरमध्ये करून पाहा. एक चौरस मीटर जागेवर, म्हणजे चारजण दाटीने उभे राहतील एवढ्या तुकड्यावर, एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमतं. ५५६ मिलिमीटर म्हणजे तेवढ्याशा तुकड्यावर ५५६ लिटर, दोनशे लिटरची जवळजवळ तीन पिंपं. शेजारच्या तुकड्यावर आणखी तीन. त्याच्या शेजारी आणखी तीन. असं डोंगरच्या डोंगर.

एवढं पाणी येतं कुठून? अरबी समुद्रावरून. नैर्ऋत्येचा वारा वाफ घेऊन कोकणावरून निवांत येतो, कारण कोकणात त्याला अडवणारं फारसं काही नाही. मग अचानक समोर सह्याद्रीचा कडा उभा राहतो. वाऱ्याला मागून रेटा आहे, बाजूला वाट नाही, तेव्हा तो चढतो. वर हवेचा दाब कमी, म्हणून चढणारी हवा फुगते; फुगली की गार होते; गार झाली की तिला वाफ धरून ठेवता येत नाही. वाफेचं पाणी होतं. इथवर शाळेत शिकलेलं असतं. पण पुढची गोष्ट शाळेत क्वचितच सांगतात, आणि ती मला या साऱ्यातली सगळ्यात विलक्षण वाटते.

पाण्याची वाफ करायला उष्णता द्यावी लागते. ती उष्णता नाहीशी होत नाही, वाफेच्या पोटात दडून राहते. वाफेचं पुन्हा पाणी झालं की ती जशीच्या तशी बाहेर पडते. एक लिटर पाणी ढगात तयार होताना पाऊण युनिटाहून थोड्या कमी विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. त्या दिवशी ताम्हिणीच्या प्रत्येक चौरस मीटरच्या वर, ढगात, साधारण ३८० युनिट ऊर्जा सुटली असणार. एखाद्या घराची दोन-तीन महिन्यांची वीज! अरबी समुद्रावर पडलेलं ऊन वाफेत दडून एवढं लांब आलं आणि मुळशीच्या कड्यावर येऊन सुटलं. आपण खाली छत्रीत कुडकुडत असतो, तेव्हा डोक्यावर ढगाच्या आत समुद्रावरचं ऊन मोकळं होत असतं. त्या उबेने हवा आणखी हलकी होते, आणखी वर जाते, आणखी पाऊस पाडते. पाऊसच पावसाला वर खेचतो.

कड्याच्या माथ्यावर पडलेल्या थेंबाचं पुढे काय होतं तेही पाहू. कड्याच्या अलीकडे पडला तर तो मुळेत जातो, मग भीमा, मग कृष्णा, आणि सारं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतो. दोन हात पलीकडे पडला तर कुंडलिकेतून काही तासांत अरबी समुद्रात परत. शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब भारताच्या दोन किनाऱ्यांना लागतात. त्यात १९२७ पासून माणसाने फेरफार केला. मुळेवर टाटांचं धरण झालं, आणि पूर्वेला जाणारं पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवून खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरवलं गेलं.

धरणाच्या या जलाशयाकाठी बसून मन शांत होतं असं पुष्कळजण सांगतात. ते खरं आहे. पण त्या पाण्याखाली भातखाचरं आणि गावं आहेत, हेही तिथे बसणाऱ्याला माहीत असावं. १९२१ मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला, तो १९२४ पर्यंत चालला. धरणाने उठवलेल्या माणसांच्या लढ्यांत जगातल्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांपैकी हा एक. मुळशीचं रान आपल्याला रिकामं दिसतं, तिथे ते रिकामं केलं गेलेलं असू शकतं. चिंतन करायचं तर यावरही करावं.

आता या कोसळत्या पावसात माणसाने करायचं काय?

तालुक्याच्या कडेला तेलबैला नावाचं गाव आहे. गावाजवळ कातळाच्या दोन उभ्या भिंती आकाशात घुसलेल्या दिसतात. तिथून वाघजाई घाटाची जुनी पायवाट कोकणात उतरते, आणि कड्याच्या पायथ्याशी, आजच्या रायगड जिल्ह्यात, ठाणाळ्याची लेणी लागतात. जवळच खडसांबळ्याची. हेन्री कझिन्स या पुरातत्त्वज्ञाने १८९१ मध्ये या दोन्ही लेणीसमूहांचं वर्णन छापलं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेल्या या खोल्या. लहानशी खोली, आत झोपायला दगडाचाच ओटा, आणि दाराबाहेर सह्याद्रीचा पाऊस.

भिक्खूंनी एका जागी घर करून राहायचं नाही, फिरत राहायचं, हा त्यांचा धर्म. मग ही दगडी घरं कशाला? वर्षावासासाठी. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत तीन महिने एका जागी थांबायचं. हा नियम कसा आला त्याची हकीकत विनयपिटक या बौद्ध ग्रंथाच्या महावग्गात आहे, आणि ती वाचून मी थक्क झालो. लोकांनी तक्रार केली होती. हे श्रमण भर पावसात हिंडतात, कोवळं हिरवं गवत तुडवतात, पायाखाली असंख्य बारीक जीव मारतात. पाखरंसुद्धा पावसाळ्यात झाडाच्या शेंड्यावर घरटं करून थांबतात, यांना थांबता येत नाही का? तक्रार बुद्धाच्या कानावर गेली, आणि नियम झाला: पावसात थांबा.

म्हणजे थांबण्याचं कारण मनःशांती नव्हतं. कारण होतं नुकतं उगवलेलं गवत. गवतासाठी माणसं तीन महिने बसली, आणि बसल्यावर समोर होतं ते पाहत राहिली: श्वास, पाऊस, मनात येणारं-जाणारं. आज माइंडफुलनेस या नावाने जे जगभर शिकवलं जातं, त्याची मुळं याच बौद्ध साधनेत आहेत. १९७६ मध्ये सत्यनारायण गोएंकांनी इगतपुरीला विपश्यनेचं केंद्र सुरू केलं, तेही सह्याद्रीतल्या पावसाच्या गावी. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा अभ्यासक्रम केला. दवाखान्यापर्यंत पोचलेल्या या साधनेला शिस्त आणि सवड मिळवून देण्यात पावसाळ्याचा असा वाटा आहे.

पण एक प्रश्न उरतोच. रानात बसलं की मन खरंच निवळतं का? की तो फक्त सुट्टीचा परिणाम?

मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने या प्रश्नावर आयुष्य घातलं. १९८९ मध्ये त्यांनी आपलं म्हणणं पुस्तकरूपात मांडलं. त्यांच्या मते आपलं लक्ष दोन तऱ्हांचं असतं. एक आपण मुद्दाम लावतो: हिशेब तपासताना, रहदारीत गाडी हाकताना, कंटाळवाणी बैठक ऐकताना. ते लावायला मनाला इतर सगळं सतत दूर ढकलावं लागतं, आणि त्यातच ते थकतं. दुसरं लक्ष आपोआप लागतं: ढग सरकताना, पानावरून थेंब ओघळताना, पाण्यावर वाऱ्याची लहर उठताना. त्याला जोर लागत नाही. मुद्दाम लावलेलं लक्ष म्हणजे औताला जुंपलेला बैल. त्याला चाबकाने ताजं करता येत नाही. जू उतरवून चरायला सोडावं लागतं, आणि चरताना तो काम करत नसला तरी उद्याच्या कामाची ताकद तिथेच भरत असतो.

यात एक बारकावा आहे, आणि मुळशीच्या संदर्भात तो फार मोलाचा आहे. क्रिकेटचा अटीतटीचा सामनाही लक्ष आपोआप ओढतो. पण तो ते सगळंच्या सगळं ओढून घेतो, विचाराला जागा ठेवत नाही. ढग, पानं, पाऊस लक्ष हलकेच धरतात आणि बाजूला मोकळी जागा सोडतात. त्या मोकळ्या जागेत स्वतःचे विचार वर येतात. जुलैच्या रविवारी ताम्हिणी घाटात धबधब्याखाली गाडीचे स्पीकर लावून नाचणाऱ्यांना पाऊस मिळतो, गंमत मिळते, पण ही मोकळी जागा मिळत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण इतक्या लांब येऊन ते तिच्या दाराशी उभे असतात.

२००८ मध्ये मार्क बर्मन, जॉन जोनिडीस आणि स्टीफन कॅप्लन यांनी याची परीक्षा घेतली. माणसांना आकड्यांची माळ ऐकवायची आणि ती उलट्या क्रमाने म्हणायला सांगायची. मग त्यांना एकदा झाडांच्या बागेत जवळजवळ तासभर चालवायचं, एकदा शहराच्या रस्त्यावर, आणि दोन्ही वेळा पुन्हा तीच परीक्षा. बागेतून आल्यावर कामगिरी सुधारली, रस्त्यावरून आल्यावर तशी सुधारली नाही. आता खरं आश्चर्य ऐका. काहीजण मिशिगनच्या जानेवारीत, गोठवणाऱ्या थंडीत चालले होते. त्यांना चालणं उन्हाळ्यातल्यांइतकं आवडलं नव्हतं. तरी त्यांचा फायदा उन्हाळ्यात मजेत चाललेल्यांइतकाच झाला! म्हणजे निसर्गाचा हा परिणाम आपल्या आवडीवर अवलंबून नाही. पावसात चिंब भिजून, जळवा काढत, वैतागत मुळशीतल्या अंधारबनाच्या जंगलातून चालून आलेल्या माणसाच्याही डोक्यात काहीतरी दुरुस्त झालेलं असतं.

स्टॅनफर्डच्या ग्रेगरी ब्रॅटमन यांनी २०१५ मध्ये आणखी आत डोकावून पाहिलं. दीड तास रानात चालून आलेल्या माणसांनी, आपल्या मनातला दुखऱ्या विचारांचा रवंथ कमी झाल्याचं सांगितलं, आणि मेंदूचा जो भाग अशा वेळी जागा असतो तोही निवांत झालेला दिसला. वाहत्या रस्त्याकडेने चाललेल्यांत हे घडलं नाही.

आता ऋतू. कारण रान जर बाराही महिने सारखंच राहिलं असतं, तर मन त्यालाही सरावलं असतं. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये आलं, एकेका महिन्याला एकेक लेख. त्यांनी महिन्यांकडे ज्या बारकाईने पाहिलं, त्या बारकाईला मुळशीत दर पंधरवड्याला नवं काहीतरी सापडेल.

फाल्गुन-चैत्रात जा. डोंगर वाळलेले, माती तडकलेली, ओढे आटलेले, आणि त्यात कुसुंबाचं झाड नखशिखांत लालभडक. फुलं नाहीत ती, नवी पालवी आहे. थांबा आणि विचार करा: पाऊस यायला अजून अडीच-तीन महिने आहेत. पाण्याचा थेंब नाही. मग झाडाने आत्ताच पानं काढण्याचं धाडस का करावं? मुळांनी खोलवर साठवलेली ओल पणाला लावून?

के. एस. मुरली आणि रमण सुकुमार यांनी तमिळनाडूतल्या मुदुमलईच्या जंगलात याचा शोध घेतला. पाऊस पडला की किड्यांच्या फौजा बाहेर पडतात, आणि कोवळं पान हे त्यांचं पहिलं जेवण. ज्या झाडांनी पावसाआधी पालवी काढली, त्यांची पानं किड्यांनी कमी खाल्ली. किडे येईपर्यंत पान जून, चिवट, बेचव झालेलं असतं, आणि पहिल्या पावसाला झाड पूर्ण वाढलेल्या पानांनिशी सज्ज असतं. लाल रंगही फुकटचा नाही. पान कोवळं असेपर्यंत झाड त्यात हरितद्रव्य आणि पौष्टिक ऐवज फारसा भरतच नाही. किड्याने खाल्लंच, तर नुकसान थोडं. लाल रंगद्रव्य तेवढ्यात वैशाखी उन्हापासून पानाला राखतं. उन्हात पेटलेला दिसतो तो कुसुंब खरं तर फार विचाराने वागलेला असतो.

मग मे महिन्याची अखेर. वळवाचे एक-दोन शिडकावे झाले की मातीचा तो वास. कनौजच्या अत्तरवाल्यांनी तो कुपीत कधीचाच भरला आहे. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियात इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी त्याचा शास्त्रीय माग काढला. या वासातला एक मुख्य घटक म्हणजे जिओस्मिन, आणि तो मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू बनवतात. आपलं नाक या पदार्थाला किती हळवं असावं? एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असले तरी माणसाला तो कळतो! पण जिवाणू तो बनवतात कशाला? आपल्यासाठी तर खासच नाही. २०२० मध्ये याचं एक उत्तर मिळालं. मातीत स्प्रिंगटेल नावाचे पिटुकले, उड्या मारणारे जीव राहतात. त्यांना हा वास खेचून आणतो. ते येऊन जिवाणू खातात, आणि जाताना त्यांचे बीजाणू अंगाला चिकटवून, पोटात घेऊन दूरवर पसरवतात. मुळशीच्या माळावर आपण डोळे मिटून जो वास खोल ओढून घेतो, ते मातीखाली दिलेलं जेवणाचं आमंत्रण असतं. ते आपल्या नावाचं नसूनही आपलं मन हलतं.

त्याच दिवसांत रात्री काजवे. काजव्याचं बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात, पाचोळ्याखाली गोगलगाई खात जातं. पंख फुटलेला, चमचमणारा काजवा त्यानंतर काही आठवडेच जगतो. त्या थोड्या दिवसांत नर उडता उडता प्रकाशाची खूण करतो, मादी बसल्या जागेवरून उत्तर देते. विजेचा जुना पिवळा दिवा बहुतेक वीज उष्णतेत घालवायचा. काजव्याच्या दिव्याला ऊब जवळजवळ नसतेच.

इथे तुमच्या डोळ्यांनाही काम आहे. उजेडातून काळोखात गेल्यावर डोळ्याच्या पडद्यावरच्या काळोखाच्या पेशींना पुन्हा तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. त्यांच्यातलं रंगद्रव्य उजेडाने विटलेलं असतं, ते परत साठावं लागतं. याला घाई चालत नाही, सरावाने वेळ कमी होत नाही, पैसे देऊन तर नाहीच. पहिल्या पाच मिनिटांत दोन-चार काजवे दिसतात. दहा मिनिटांनी झाडाची कड दिसू लागते. अर्ध्या तासाने कळतं की सगळी दरी बोलते आहे. काजवे आधीपासून तिथेच होते. आणि मध्येच कोणी मोबाइल उघडून वेळ पाहिली की त्याच्या डोळ्यांची बरीचशी मेहनत वाया, पुन्हा वाट पाहणं आलं. मोटारीचे दिवे, बॅटऱ्या, फोटोसाठी मारलेले झोत यांनी काजव्यांचं आपसातलं बोलणंही तुटतं. मुळशीत काजवे पाहायला जाणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: दिवा नको. त्या जीवाकडे आठवडे मोजकेच आहेत.

जून-जुलैत खाचरांतून आवणी सुरू होते. गुडघाभर चिखलात, पाठीवर पाऊस झेलत, वाकून आवण रोवणाऱ्या बायकांना पाऊस म्हणजे चिंतन नाही, पाठदुखी आणि पोटपाणी आहे. शहरातून आलेल्याने हे विसरू नये. मुळशीचा आंबेमोहोर ताटात वाढला की खोलीभर वास दरवळतो, त्याच्यामागे ही वाकलेली पाठ असते. पण त्यांचं रानाकडे लक्ष आपल्यापेक्षा कितीतरी तल्लख असतं हेही पाहण्यासारखं आहे. पावश्या कधी ओरडला, कुठल्या ओढ्याला कधी पाणी आलं, कुठल्या उतारावर कोणती रानभाजी आधी फुटते, हे त्यांना कोणी शिबिर घेऊन शिकवलेलं नसतं.

सगळीकडे धुकं उतरलं की दरी दिसत नाही, समोरचा डोंगर दिसत नाही, मग कान उघडतात. पहाटे ओढ्याकाठी कस्तूर शीळ घालतो, रमतगमत गाणं आठवत चाललेल्या पोरासारखी, कुठेही थांबणारी, कुठूनही सुरू होणारी. धुकं ओसरलं की भाद्रपदात सड्यांवर सोनकी आणि तेरडा. हिवाळ्यात कापणी, झोडणी, गवत पिवळं, आकाश स्वच्छ. मन निवांत करायला सगळेजण हिवाळा निवडतात. मला मात्र तो मुळशीतला सर्वांत अबोल ऋतू वाटतो. फारसं काही घडत नाही, आणि त्यातही काही वाईट नाही.

या साऱ्या बदलात एक जागा मात्र जवळजवळ न बदलता उभी असते: देवराई. मुळशीत ठिकठिकाणी देवराया आहेत. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवराया पायी हिंडून नोंदवल्या, आणि भोवतालचे डोंगर बोडके झाले तरी देवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांत मूळचं जंगल कसं टिकलं, ते जगापुढे आणलं. गारंबीचे मांडीएवढे जाड वेल, हातभर लांब शेंगा, खाली पाचोळ्याचा इतका जाड थर की पाऊल वाजत नाही.

देवराईचा नियम साधा असतो. इथून काही न्यायचं नाही, वाळकी काटकीही नाही. मला वाटतं, मन निवळण्याचं मोठं रहस्य याच नियमात आहे. इतर कुठल्याही रानात आपली नजर नकळत हिशेब करते: हे लाकूड चांगलं, ही जागा घराला छान, इथे फोटो झकास येईल. जिथून काहीच न्यायचं नाही, तिथे हिशेबाला विषय राहत नाही. मुद्दाम लावलेल्या लक्षाचं जू तिथे देवच उतरवून ठेवतो.

आणि त्या रानात आपलं काय होतं? सॅन फ्रान्सिस्कोच्या व्हर्जिनिया स्टर्म यांनी २०२० मध्ये छापलेला एक प्रयोग मी ज्याला त्याला सांगत असतो. साठीच्या पुढच्या माणसांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं चालायला सांगितलं. त्यातल्या निम्म्यांना एवढीच जास्तीची सूचना होती: पहिल्यांदाच पाहतो आहोत अशा नजरेने भोवती पाहा, थक्क व्हा. प्रत्येक वेळी स्वतःचा सेल्फी काढायचा. पुढे ते सगळे सेल्फी मोजले गेले. थक्क होत चाललेल्यांच्या छायाचित्रांत दर आठवड्याला माणूस चौकटीत लहान लहान होत गेला होता आणि झाडं, आकाश, रस्ता यांची जागा वाढत गेली होती. त्यांना तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं! आणि चेहरा लहान होत असताना त्यावरचं हसू मात्र रुंदावत गेलं होतं.

मोठा डोंगर पाहून माणूस लहान होतो, तसा मोठा काळ पाहूनही होतो. त्यासाठी मुळशीत कारवी आहे. उतारावर पुरुषभर उंचीचं हे साधं झुडूप. त्याच्या काठ्यांना शेणमाती लिंपून डोंगरातल्या घरांचे कूड होत आले. ते सात वर्षं फक्त पानं काढतं, आणि आठव्या वर्षी सगळा उतार एकदम जांभळा होतो. एकदाच फुलायचं, बिया धरायच्या आणि मरायचं. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६, २०२४ मध्ये फुलली. सह्याद्रीच्या वेगवेगळ्या भागांत तिची वर्षं वेगवेगळी असतात. सगळ्यांनी एकाच वर्षी का फुलायचं? बांबूंबद्दल हाच प्रश्न डॅनिएल जॅन्झेन यांनी १९७६ मध्ये सोडवायला घेतला होता. दरवर्षी थोड्या बिया धरल्या तर उंदीर, पाखरं, किडे त्या सगळ्या फस्त करतील. वर्षानुवर्षं काहीच द्यायचं नाही आणि मग एकदम इतकं द्यायचं की खाणाऱ्यांची पोटं भरून उरावं. उरलेलं उगवतं.

ऐंशी वर्षं जगलेल्या माणसाला एकाच उतारावरची कारवी फार तर दहा वेळा फुललेली दिसेल, तेही प्रत्येक वेळी तो तिथे हजर असला तर. फुलांच्या वर्षी गर्दी होतेच. बियांचं वर्ष त्याच्या पुढचं. फुलं गळून गेलेली बोंडं वाळून तशीच झुडपावर राहतात, आणि पुढच्या जूनचा पहिला पाऊस अंगावर पडला की पाणी पिऊन तट्‌तट्‌ फुटतात, बिया लांब फेकतात. सगळा डोंगर आवाज करतो. तेव्हा फुलं पाहून आलात, तर पुढच्या वर्षी रोहिणी संपून मृग लागला की त्याच उतारावर पुन्हा जा. छत्री न्या, आणि बसायला कोरडा दगड मिळेल याची आशा धरू नका.